उरलेली रिंग

औषधांच्या दुकानात रुमाल काढताना मास्तरांच्या खिशातून काहीतरी पडलं आणि फरशीवर टिंग करून वाजलं. पुढे उभ्या असलेल्या बाईंनी चटकन कानाला हात लावून डूल जागेवर आहे ना ते चाचपलं. "माझं नाही हो," त्या म्हणाल्या. मास्तर वाकले. गुडघ्याने नेहमीची कुरकुर केली. काउंटरच्या पायाशी तारेचं एक कडं पडलं होतं, माणसाच्या अंगठीएवढं, एका जागी तोंड उघडं असलेलं. मास्तरांनी ते उचलून तळहातावर घेतलं, नीट बघितलं आणि मूठ मिटली.

"घरी बाईंना सांगा, बाटली एकदा उघडली की महिनाभरच वापरायची," दुकानदार सांगत होता. "आणि थेंब घातल्यावर डोळे चोळायचे नाहीत. ऐकताय ना मास्तर?"

"ऐकतोय."

"मग काय सांगितलं मी?"

हा प्रश्न मास्तरांनी जन्मभर मुलांना विचारला होता आणि मुलं जशी खिडकीकडे बघायची तसेच ते आता दाराकडे बघू लागले. दुकानदार हसला. तो त्यांचाच विद्यार्थी. शाळेच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा ठोकळा कानसून चौकोनी करायचा असे, त्यात याचा ठोकळा दर वेळी एका कोपऱ्याला उतरता व्हायचा. आज त्याने बाटलीच्या डब्यावर ठळक अक्षरांत सगळं लिहून दिलं आणि तो डबा त्यांच्या हातात देताना आवाज जरासा वाढवला, म्हाताऱ्या माणसांशी बोलताना वाढवतात तसा.

मास्तरांना भीती वाटली की ते मनातल्या मनात शिकवायला लागत. ही खोड जुनी होती. समोर बाक मांडायचे, बाकांवर मुलं बसवायची आणि ज्याची भीती वाटते ते त्यांना पायरीपायरीने समजावून सांगायचं. समजावता येईल अशा गोष्टीची भीती निम्मी होते असा त्यांचा अनुभव होता. रस्त्यावर आल्याबरोबर त्यांनी बाक मांडले. तर मुलांनो, इंजिनात एक पिस्टन असतो. उपड्या डब्यासारखा. तो सिलिंडर नावाच्या नळीत वरखाली धावत असतो. त्याला खालच्या दांड्याशी जोडायला एक पिन लागते, दाराच्या बिजागरीत असते ना, तशी, फक्त आडवी. आता या पिनेला सरकायची खोड असते. ती सरकत सरकत बाहेर आली तर सिलिंडरची भिंत खरवडून काढेल. म्हणून पिनेच्या दोन्ही टोकांना, पिस्टनमध्येच कोरलेल्या खाचेत, तारेची एकेक रिंग बसवतात. रिंगेचं काम एवढंच. दारात बसून राहायचं आणि पिनेला बाहेर पडू द्यायचं नाही. शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. सर, आणि एखादी रिंग बसवायची राहून गेली तर? मास्तर पदपथाच्या मधोमध थांबले. मागून येणारा माणूस त्यांना धडकता धडकता वाचला आणि काहीतरी पुटपुटत बाजूने गेला. तर काही वेळ काहीच होत नाही, बाळ. गाडी चालू होते, छान गुरगुरते. मग वेग वाढतो, पिन हळूहळू बाहेर येते आणि इंजिन एका झटक्यात आवळलं जातं. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. गाडी थांबते, पण वर बसलेलं माणूस थांबत नाही. आणि वर बसणार होती त्यांची मुलगी. आजच, दुपारी, शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर.

आज बाक मांडूनही भीती निम्मी झाली नाही. कडं मुठीत गरम झालं होतं. चौकातल्या दिव्यापाशी लोक थांबले तसे तेही थांबले, लोक निघाले तरी तिथेच राहिले. ते कडं त्यांनी स्वतः बनवलं होतं. एवढ्या जुन्या गाडीचं काहीच बाजारात मिळत नाही. ही शर्यतीची मोटरसायकल ज्या काळात पळत होती त्या काळात मास्तर पाळण्यात होते, आणि त्यांच्याकडे ती आली ती तीन पोत्यांत भरून, तीही अपुरी. सांगाडा होता, पेट्रोलची टाकी होती, इंजिनाचा खालचा अर्धा भाग होता. उरलेलं मास्तरांनी घरामागच्या खोलीत लेथवर, लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, घडवलं. पिस्टन दुसऱ्याच कुठल्याशा पंपाचा, कातून बारीक केलेला. त्याला तयार रिंगा बसेनात, म्हणून स्प्रिंगची तार घट्ट सळईवर गुंडाळायची, त्या वेटोळ्याला एका बाजूने उभा छेद द्यायचा, की रिंगांचा ढीग पडतो. त्यातल्या सगळ्यात नीट दोन निवडायच्या. बाकीच्या तिथल्या तिथे पकडीने वाकवून, वेड्यावाकड्या करून टाकायच्या, म्हणजे चुकून कोणी पुन्हा वापरणार नाही. हा नियम ते मुलांनाही शिकवत. जी वस्तू कामाची नाही ती कामाची दिसताही कामा नये. आणि हातातली रिंग तर गोल होती, नीट होती, कामाची दिसत होती. म्हणजे एक तर ती इंजिनात जायची राहिली होती, नाही तर ती नकोशांतली असून वाकवायची राहिली होती. पहिलं असेल तर मुलीचा जीव. दुसरं असेल तर काहीच नाही, एक तारेचा तुकडा. पण दोन्हीकडून एक गोष्ट सारखीच होती आणि मास्तर तिच्याभोवती, दुखऱ्या दाताभोवती जीभ फिरावी तसे फिरत होते. ते विसरले होते. प्रश्न एवढाच होता की काय विसरले होते.

आठवायला काय हरकत आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि चालायला लागले. डावी रिंग, उजवी रिंग. खाचेत बसताना रिंग टक् करते, तो टक् त्यांना स्वच्छ ऐकू आला. पण तो कधीचा टक्? या जोडणीचा की मागच्या वर्षीच्या? की त्याच्याही आधीच्या? आयुष्यभरात बसवलेल्या सगळ्या रिंगांचा मिळून एकच टक् होता, आणि बोटाखालची तारेची धारही एकच होती. हाताला काम आलं की डोकं उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतं. शिकवताना ते हेच कौतुकाने सांगत. हात असा तयार झाला पाहिजे की तुम्हाला विचार करायलाच नको. त्या दिवशी काय झालं होतं ते मात्र त्यांना लख्ख आठवत होतं. बाकावर इंजिन, पिस्टनवर वाकलेले ते, आणि दारात पाण्याचा मीटर वाचणारा माणूस. त्याच्या बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या होत्या. त्याने विचारलं होतं, "काका, हे काय पंप-बिंप आहे का?" मास्तरांना वाईट वाटलं होतं, आणि गंमतही, कारण पिस्टन खरोखरच पंपाचा होता. ते त्याला मीटरपर्यंत घेऊन गेले, झाकण जाम झालं होतं ते स्क्रूड्रायव्हरने उचकटून दिलं, परत आले, हात पुसले. आणि मग? मीटरची काच आठवत होती, काचेआड फिरणारं लाल चक्र आठवत होतं. परत आल्यावर उचललेली पहिली गोष्ट कोणती, ते आठवत नव्हतं. तिथे एक भोक होतं. काठ शिवलेलं, नीटनेटकं भोक, काजासारखं.

काजावरून त्यांना मोठा भाऊ आठवला. तो शिंपी होता. त्याने एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. तो माणूस आरशासमोर उभा राहिला तेव्हा त्याचा उजवा हात मागे कोणाला तरी टाळी द्यायला निघाल्यासारखा दिसत होता. सगळे पोट धरून हसले. भाऊही हसला, सगळ्यात जास्त हसला. ती हकिकत पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितली गेली आणि दर वेळी भाऊ स्वतः उठून हात मागे करून दाखवी. मग एकदा तो हकिकत सांगताना मध्येच थांबला आणि कोणाचा कोट, असं त्याने विचारलं. तेव्हाही लोक हसले. शेवटी शेवटी तो मास्तरांना "या साहेब, मापं घेऊ का?" असं अदबीने म्हणायचा, आणि मास्तर हात पसरून उभे राहायचे, कारण नाही म्हणण्यापेक्षा ते बरं होतं. त्याची बोटं खांद्यावरून, छातीवरून फिरायची. मापं अचूक असायची. हेच मास्तरांना तेव्हा समजलं नव्हतं आणि आता, बेकरीच्या काचेसमोरून जाताना, त्या काचेत दिसणाऱ्या ताठ चालीच्या म्हाताऱ्याकडे बघताना, एकदम समजत होतं. हात शेवटपर्यंत शाबूत राहतात. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नसतो तो नेमका म्हणूनच.

आणि चकची चावी होतीच. लेथच्या पुढच्या तोंडाला, ज्यात लोखंड धरतात त्या चकला, एक जाड चावी लागते. ती लावून आवळायचं आणि लगेच काढायची. ती तशीच ठेवून लेथ चालू केला तर चावी गोफणीतल्या दगडासारखी सुटते. वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी, पहिलं वाक्य, दर वर्षी नव्या मुलांना: चावी हातातून सोडायची ती चकमधून काढूनच. हिवाळ्यात त्यांची स्वतःची चावी चकमध्ये राहिली. ती त्यांच्या कानाजवळून गेली आणि मागच्या कपाटाच्या दारातून आरपार आत शिरली. बायकोने त्या भोकावर कॅलेंडर टांगलं आणि मुलीला फोन केला. मुलगी आली, कॅलेंडर उचलून बघितलं, परत खाली सोडलं. ती दातांच्या कवळ्या बनवते, भोकं आणि फटी बघणं तिचा धंदाच. ती रागावली नाही. "बाबा, आता अजून एक असं काही झालं ना, की लेथला कुलूप. माझी शप्पथ," एवढंच म्हणाली, आणि चहा मागितला. मास्तर तेव्हा "बरं बाईसाहेब" म्हणाले होते. पण त्या दिवसापासून खोलीत शिरताना ते दाराच्या कडीकडे बघत, आणि कडी त्यांच्याकडे.

घरासमोर मुलीची व्हॅन उभी होती, मागची दारं उघडी. मुलीने फळी लावून मोटरसायकल एकटीनेच आत चढवलेली होती आणि ती पट्टे आवळत होती. बायको दारात उभी राहून सूचना करत होती, डोळ्यांवर हात धरून, कारण उजेड तिला सोसत नव्हता.

"आले बघ तुझे बाबा. औषधाला गेले होते की औषध करायला?" बायको म्हणाली. "सवत केव्हाची नटूनथटून बसलीय गाडीत. मला एवढं कधी कोणी पुसलं नाही बाई."

"आई, तुला पुसलं असतं तर तू सहन केलं असतंस का?" मुलगी पट्ट्याआडून म्हणाली. "बाबा, बसा पुढे. उशीर होतोय."

आता सांगायचं. खिशातला हात बाहेर काढायचा, मूठ उघडायची. त्यांनी मूठ उघडली तेव्हा त्यात औषधाची बाटली होती. ती त्यांनी बायकोला दिली. "महिनाभरच वापरायची," ते म्हणाले, आणि हे आठवल्याचा त्यांना जो आनंद झाला त्याची त्यांना लगेच लाज वाटली. बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. "चेहरा का असा पडलाय? बरं वाटत नसेल तर राहा घरी. पोरगी काय पहिल्यांदा जातेय का?" नाही, चाललोय मी, ते म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. आत त्यांच्या मुलीचे हातमोजे होते, शिरस्त्राण होतं. त्यांनी शिरस्त्राण मांडीवर घेतलं. ते हलकं होतं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हलकं.

शहर मागे पडेपर्यंत ते वाक्य जुळवत होते. वाक्य साधं हवं, घाबरवणारं नको. मुलांना सांगतो तसं. असं बघ, मला एक शंका आहे. शंका शब्द चांगला होता, त्यात हुशारी होती, निष्काळजीपणा नव्हता. पण शंका म्हटलं की ती विचारणार, का? मग रिंग दाखवावी लागणार. रिंग दाखवली की कुलूप. दाखवली नाही तर... इथे वाक्य दर वेळी तुटायचं आणि त्याच्या जागी आवाज यायचा, लोखंडाला लोखंड चावल्याचा, आणि मग कसलाच आवाज नाही. मुलगी रेडिओबरोबर गुणगुणत होती. तिचे हात स्टिअरिंगवर होते, नखांच्या कडांना कवळ्यांचं गुलाबी मेण. लहानपणी ती त्यांच्या लेथशेजारी खोक्यावर बसून लोखंडाचे कुरळे कीस गोळा करायची आणि बाहुल्यांना केस लावायची. एकदा कीस बोटात गेला तेव्हा ती रडली नव्हती, तिने बोट पाठीमागे लपवलं होतं, कारण बाबा खोलीत येऊ देणार नाहीत. तेव्हा ते तिला म्हणाले होते की लागलं तर लगेच सांगायचं, सांगणाऱ्याला मी कधी रागावत नाही. किती सोपं वाटलं होतं तेव्हा ते सांगणं.

"बाबा, एवढे गप्प?"

"इंजिनाचा विचार करतोय."

"इंजिन झकास आहे. काल गल्लीत फिरवलं तेव्हा शेजारचे बाहेर आले शिव्या द्यायला. म्हणजे झकासच."

गल्लीतला वेग काय आणि धावपट्टीवरचा काय, असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या जिभेवर ते होतं. जिभेवर त्यांच्या बरंच काही होतं, आणि प्रत्येक वळणाला ते थोडं आत सरकत होतं.

धावपट्टी रुंद आणि ओकीबोकी होती, सिमेंटच्या भेगांतून गवत वर आलेलं. जुन्या गाड्या घेऊन आलेली माणसं जागोजागी गुडघे टेकून बसली होती, आपापल्या यंत्रांपुढे. पेट्रोलचा आणि इंजिनांत तापलेल्या एरंडेल तेलाचा वास पसरला होता. हा वास मास्तरांना नेहमी आवडायचा. आज त्यांनी नाकाला रुमाल लावला. ओळखीचे लोक हात करत होते. टोपीवाला गॅरेजमालक, ज्याची गाडी दर वेळी पहिल्या वळणाला बंद पडायची, तो येऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारून गेला. "मास्तर, गेल्या हंगामात तुमच्या इंजिनाने आमचं नाक कापलं. यंदा जरा दया करा!" मास्तर हसले. गाल ओढले गेले, त्यावरून आपण हसलो हे त्यांना कळलं. मुलगी चामड्याचा पोशाख चढवत होती. तिने पाठीची चेन ओढायला त्यांच्याकडे पाठ केली. त्यांनी ती वर ओढली, अगदी मानेपर्यंत, आणि मानेवरचे घामाने चिकटलेले बारीक केस तिच्यात अडकू नयेत म्हणून बोटाने बाजूला केले. चामड्याखाली खांद्याचं हाड लागलं. मग ती गाडी ढकलत रांगेकडे निघाली आणि मास्तर तिच्यामागून, एक हात सीटच्या मागे लावून, चालू लागले. ही गाडी किकने सुरू होत नाही, धावत ढकलायची आणि उडी मारून बसायचं. पुढचे दोघे सुटले. निळ्या धुराचा लोट आला. तिने शिरस्त्राणाची काच खाली केली, मान वळवून हात वर केला, म्हणजे ढकला. मास्तरांनी ढकललं नाही. त्यांनी सीटची मागची दांडी धरून ठेवली. ती दोन पावलं ओढत गेली, मग थांबली. काच वर झाली.

"काय झालं?"

"इंजिन उघडायचंय."

"आत्ता?"

मास्तरांनी खिशातून कडं काढून तिच्यासमोर धरलं. तिने ते बघितलं. चेहऱ्याभोवती शिरस्त्राण असल्यामुळे फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे कड्यावर जरा कमीच वेळ थांबले.

"एक्स्ट्रा असेल," ती म्हणाली.

"एक्स्ट्रा मी वाकवून टाकतो."

"मग वाकवायची राहिली असेल. बाबा, मागे लोक थांबलेत. रिंग आहे आत."

"तुला काय माहीत?"

"अहो, तुम्ही कधी विसरता का?"

ती हे इतक्या मऊपणे म्हणाली की मास्तरांना औषधाच्या दुकानातला वाढवलेला आवाज आठवला. तो बरा होता.

"विसरतो," ते म्हणाले.

मागच्या माणसाने वळसा घेऊन आपली गाडी पुढे काढली आणि जाताना डोळे वटारले. मुलगी रांगेकडे बघत होती. झेंडेवाला त्यांच्या दिशेने हात हलवत होता, येताय की नाही? "उघडलं तर ही शर्यत गेली," ती म्हणाली. जाऊ दे, ते म्हणाले. तिने झेंडेवाल्याला हाताने नाही म्हणून खुणावलं. मग हातमोजे काढले आणि ते काखेत धरून गाडी वळवली.

ताडपत्रीवर बसून दोघांनी इंजिन उघडलं. टाकी काढली, कार्ब्युरेटर काढला. पाना फिरवताना मास्तरांचे हात स्थिर होते, निर्लज्जासारखे स्थिर. धावपट्टीवर गाड्या सुटल्याचा गडगडाट झाला, दूर गेला, फिरून आला. मुलीने एकदाही मान वर केली नाही. सिलिंडरवरचं झाकण निघालं, मग दोघांनी मिळून सिलिंडर वर उचलला आणि पिस्टन उघडा पडला, तेलाने चमकणारा. मास्तर डाव्या बाजूने वाकले. रिंग होती. तोंड खाली. रिंगेचं तोंड सरळ वर तरी हवं किंवा सरळ खाली तरी. आडवं असेल तर पिस्टनच्या हिसक्यांनी ती सुटते. मास्तर इंजिन बाकावर ठेवून बसवतात आणि तोंड नेहमी खाली करतात. ते उठून उजव्या बाजूला गेले, गुडघे टेकले. रिंग होती. छातीतून मोठा श्वास बाहेर पडला, आणि तो पुरता बाहेर पडण्याआधीच अडकला. हिचं तोंड वर होतं.

ते आणखी जवळ गेले. त्यांनी खिशातून चष्मा काढला. तार त्यांचीच, त्याच सळईवर गुंडाळलेली. पण टोकं घासून गोल केलेली होती, गुळगुळीत, कवळीची तार हिरडीला बोचू नये म्हणून करतात तशी. तोंड वर. इंजिन सांगाड्यात बसवलेलं असताना खालून पक्कड जात नाही, वरूनच घालावी लागते, म्हणून वर. कोणीतरी इंजिन गाडीतच असताना उघडलं होतं, आत बघितलं होतं, रिकामी खाच बघितली होती, नवी रिंग बनवली होती, बसवली होती, सगळं बंद करून नटांवर रंगाचे ठिपके लावले होते, नट सैल झाला तर कळावं म्हणून मास्तर लावतात तसेच. मास्तर आणि बायको मेव्हणीकडे गेले होते ते दोन दिवस. परत आल्यावर खोली झाडलेली होती. केर फार झाला होता बाबा, असं ती म्हणाली होती, आणि त्यांना कौतुक वाटलं होतं. मास्तर गुडघ्यांवर तसेच राहिले. गेल्या हंगामाचं इंजिन. ज्याने टोपीवाल्याचं नाक कापलं ते. ते कोणी बंद केलं होतं? त्याच्या आधीचं? कार्ब्युरेटर, जो पहिल्याच प्रयत्नाला जुळला म्हणून त्यांनी घरभर सांगितलं होतं? प्रत्येक गोष्टीला हात लावावा तर ती दुसऱ्याच कोणाच्या हाताने अजून गरम होती. एका वाक्याचं काम होतं. बाबा, मी उघडून बघितलंय, मी घातलीय, एवढं ती रांगेत म्हणाली असती तर आत्ता तिथे, त्या गडगडाटात असती. ती म्हणाली नाही. तिने हातमोजे काढले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"हात तेलाचे आहेत, चष्म्याला लावू नका," ती म्हणाली. ती तोंड वर असलेल्या बाजूला बसली नव्हती. ती पलीकडे, त्यांच्या रिंगेच्या बाजूला बसून चिंधीने सिलिंडर आतून पुसत होती, केव्हाचा स्वच्छ झालेला. शर्यत संपली असावी, कारण लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाऱ्याने तुटक तुटक येत होत्या. तिचं नाक लाल झालं होतं. "आहेत ना दोन्ही? झालं तर मग. लावून टाकू, संध्याकाळी अजून एक फेरी आहे. पिस्टन धरता?"

सिलिंडर वरून खाली घालताना पिस्टन कोणीतरी सरळ धरावा लागतो, नाहीतर तो कलतो आणि कडेला अडकतो. एका माणसाचं काम नाही ते. तिने एकटीने कसं केलं असेल, कशाचा टेकू दिला असेल, हे त्यांना विचारावंसं वाटलं, शिकवणाऱ्याला वाटतं तसं, आणि या सगळ्यात हे वाटलं याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी हात पुढे केले. ती उभी राहिली, सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून पिस्टनच्या वर आणला. तिची सावली त्यांच्या अंगावर पडली.

"धरलंय?"

"धरलंय," मास्तर म्हणाले, आणि मग खाली बघून खात्री करून घेतली.